विशेषण पदबंध : मराठी आणि इंग्रजी रचना

प्रस्तावना

‘गोड गूळ’ या रचनेत ‘गोड’ हे विशेषण ‘गूळ’ या नामाविषयी अधिक माहिती देते, हे आपणांस ठाऊक आहे. प्रत्यक्ष भाषाव्यवहारात मात्र हे कार्य नेहमी एकच शब्द करतो असे नाही. ‘फार गोड गूळ’, ‘पाण्याने भरलेला रंकाळा’ या रचनांत शब्दांचा समूह मिळून विशेषणाचे कार्य करतो. अशा समूहास ‘विशेषण पदबंध’ म्हणतात. इंग्रजी व्याकरणात यास ‘ॲडजेक्टिव्ह फ्रेज’ ही संज्ञा आहे.

स्वरूप

विशेषण पदबंधात एक शब्द प्रमुख असतो व इतर शब्द त्याच्या आश्रयाने येतात. ‘पाण्याने भरलेला’ यात ‘भरलेला’ हे धातुसाधित विशेषण प्रमुख असून ‘पाण्याने’ हे पद त्याचा अर्थ पूर्ण करते. पदबंध ओळखण्यासाठी नामाला ‘कसा?’, ‘कोणता?’ असा प्रश्न विचारावा. उत्तरादाखल जो संपूर्ण शब्दसमूह येतो, तो विशेषण पदबंध होय. हा पदबंध नामापूर्वी येतो (अधिविशेषण), तसाच ‘हा गूळ फार गोड आहे’ याप्रमाणे नामानंतर विधानाचा भाग होऊनही येतो (विधिविशेषण).

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. शालेय इंग्रजी व्याकरणात ‘अ मॅन ऑफ करेज’ यातील ‘ऑफ करेज’ या समूहासही त्याच्या कार्यावरून ‘ॲडजेक्टिव्ह फ्रेज’ म्हणतात. आधुनिक भाषाविज्ञान मात्र ज्याचे प्रमुख पद विशेषण आहे, अशाच समूहास ही संज्ञा देते.

दोन भाषांतील फरक

‘पाण्याने भरलेला तलाव’ याचे इंग्रजी रूप ‘अ लेक फुल ऑफ वॉटर’ असे होते. मराठीत पूरक पद प्रमुख पदाच्या आधी येते आणि संपूर्ण पदबंध नामाच्या आधी येतो. इंग्रजीत दोन्ही क्रम उलटतात. ‘अ प्राउड फादर’ येथे एकटे विशेषण नामापूर्वी येते, परंतु त्यास पूरक पद जोडताच ‘अ फादर प्राउड ऑफ हिज डॉटर’ अशी नामोत्तर रचना करावी लागते. मराठी क्रमाच्या सवयीने ‘अ प्राउड ऑफ हिज डॉटर फादर’ असे लिहिणे अशुद्ध होय.

दुसरा फरक विकाराचा आहे. ‘भरलेला तलाव’, ‘भरलेली विहीर’, ‘भरलेले धरण’, ‘भरलेल्या तलावात’ अशी मराठी विशेषणाची रूपे नामानुसार पालटतात. इंग्रजी ‘फुल’ पालटत नाही. ‘ॲन ओल्ड चप्पल शॉप’ यात दुकान जुने की चपला जुन्या, हे रूपावरून कळत नाही. मराठीत ‘जुने चपलांचे दुकान’ आणि ‘जुन्या चपलांचे दुकान’ हा भेद रूपानेच स्पष्ट होतो. तथापि ‘जुन्या चपलांच्या दुकानात’ असे म्हणताच सामान्यरूपामुळे तो भेद नाहीसा होतो. ‘प्रसिद्ध’सारख्या अविकारी विशेषणात तर तो मुळातच नसतो. अशा वेळी ‘चपलांच्या जुन्या दुकानात’, ‘चपलांचे प्रसिद्ध दुकान’ असे लिहून विशेषण आपल्या नामाशेजारी आणावे.

पदबंधाची जागा आणि अर्थ

ही बाब केवळ शैलीची नाही. पुढील वाक्य पाहा : ‘शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हुकूम काढला.’ येथे ‘२६ जुलै १९०२ रोजी’ हे शब्द ‘रिकाम्या होणाऱ्या’ या पदबंधाचे अंग वाटू शकतात. मग तो हुकूम त्या एकाच दिवशी रिकाम्या झालेल्या जागांपुरता ठरेल. वस्तुतः करवीर संस्थानातील तो हुकूम तेथून पुढे भरावयाच्या जागांना लागू होता. ‘२६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी एक हुकूम काढला. त्याने यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या,’ असे लिहिल्यास संदिग्धता उरत नाही. कायदा, शासकीय आदेश वा बातमी यांचा अनुवाद करताना प्रत्येक पदबंध कोणत्या नामाशी जोडलेला आहे, हे प्रथम निश्चित करावे व नंतरच वाक्यरचना करावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘रंकाळ्याच्या काठावर बसलेला माणूस’ यातील विशेषण पदबंध व त्याचे प्रमुख पद सांगा.
२. ‘नव्या पुस्तकांच्या दुकानात’ या रचनेचे दोन अर्थ स्पष्ट करा.
३. ‘अ बास्केट फुल ऑफ मँगोज’ याचा अनुवाद करून पदक्रमातील फरक सांगा.

उत्तरे

१. पदबंध : ‘रंकाळ्याच्या काठावर बसलेला’, प्रमुख पद : ‘बसलेला’.
२. पुस्तके नवी आहेत, किंवा दुकान नवे आहे.
३. ‘आंब्यांनी भरलेली टोपली’. मराठीत पदबंध नामापूर्वी, इंग्रजीत नामानंतर येतो; मराठीत पूरक पद प्रमुख पदाआधी, इंग्रजीत त्यानंतर येते.