अतिदक्षता परिचर्या शिक्षण

अतिदक्षता परिचर्या शिक्षण : प्राण धोक्यात असलेल्या रुग्णाची अखंड देखरेख व शुश्रूषा करण्याचे परिचर्या-विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओ साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी योजिलेल्या कृत्रिम श्वसनाच्या पद्धतीतून पुढे स्वतंत्र अतिदक्षता विभागाची कल्पना साकार झाली.

या शिक्षणाचे स्वरूप स्थानिक रोगमानानुसार ठरते. वऱ्हाडातील अमरावती व अकोला हे कापूस पिकविणारे जिल्हे असून तेथील परिचारिकांना कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे जाणणे अगत्याचे असते. कार्बनी फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांमुळे बाहुल्या आकुंचित होतात, लाळ व श्वासनलिकांतील स्राव वाढतात आणि श्वसन निकामी होऊ शकते. उपचारार्थ दिलेल्या ॲट्रोपिनाची मात्रा छातीतील घरघर, त्वचेचा ओलावा व नाडीचा वेग पाहून वैद्य ठरवितात. मात्रा कमी पडल्यास स्राव आटत नाहीत. अधिक झाल्यास भ्रम व ज्वर उद्भवतात. म्हणून या नोंदी परिचारिकेला वारंवार घ्याव्या लागतात.

रुग्ण सुधारत असल्याचे वाटत असतानाच पहिल्या १ ते ४ दिवसांत मानेचे व श्वसनाचे स्नायू दुर्बल होण्याचा संभव असतो. उशीवरून डोके उचलता न येणे ही त्याची पूर्वसूचना होय. ती वेळीच ओळखून कृत्रिम श्वसन सुरू केल्यास प्राण वाचू शकतात. ही चिन्हे कोणतेही यंत्र दाखवीत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांना प्रथम मानवाकृतीवर यंत्रे हाताळण्याचा सराव देऊन नंतर अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली रुग्णशय्येजवळ निरीक्षण, नोंद व वैद्यास तत्काळ सूचना देणे शिकवितात.