कोकोची कणगी

बाजाराहून येताना आपण पोरांसाठी चॉकलेट आणतो. ते कोकोच्या बियांचे करतात. हा कोको बहुतेक आफ्रिका खंडात पिकतो. तिथल्या घाना देशातल्या शेतकऱ्यांची ही हकीकत आहे.

कोकोचे झाड मूळचे तिकडचे नव्हे. १८७९ साली टेटे क्वार्शी नावाच्या एका लोहाराने बेटावरून बी आणून लावले, असे तिथले लोक सांगतात. फणस जसा खोडाला लागतो, तशी ही फळे खोडालाच लगडतात. फळ फोडायचे, ओल्या बिया केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. झाड लावले की चार-पाच वर्षे वाट पाहावी लागते.

तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते. १९४७ साली सरकारने कोको मंडळ काढले. सगळा माल मंडळालाच घालायचा. भाव चढला की मंडळाने पैसा राखून ठेवावा, उतरला की त्यातून शेतकऱ्याला सावरावे, असा हेतू. आपण सुगीत कणगी भरतो ना, तसेच. मात्र या कणगीची किल्ली शेतकऱ्याजवळ नव्हती!

१९५७ साली घाना स्वतंत्र झाला. शाळा हव्या, रस्ते हवे, कारखाने हवे. पैसा कुठून आणायचा? कोकोतून. शाळांसाठी पैसा घेतला, यात आम्हांला वावगे वाटत नाही. पण घेण्याला धरबंध राहिला नाही. १९६५ साली जगात भाव कोसळला. कणगीत हात घातला, तो तळ लागलेला. मग शेतकऱ्याचाच भाव कापला. पुढे सरकारे बदलली, पण रीत तीच. महागाई भडकली आणि कोकोच्या पैशात घर चालेना.

शेतकऱ्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी नवी झाडे लावायचे सोडले. सीमेजवळचे लोक रात्री पोती शेजारच्या आयव्हरी कोस्टात नेऊन विकू लागले. कायदा याला चोरटा व्यापार म्हणतो. आमच्या तोंडून तो शब्द सहज निघत नाही.

१९६४-६५ साली साडेपाच लाख टन कोको झाला होता. १९८३-८४ साली दीड लाखाच्या थोडा वर. १९८३ साली दुष्काळ पडला, वणवे लागले, हे खरे. पण बागा त्याआधीच म्हाताऱ्या झाल्या होत्या.

मग सरकारने भाव वाढवत नेला. लोकांनी पुन्हा रोपे लावली. २०१०-११ साली पीक दहा लाख टनांवर गेले.

एवढ्यावर संपले असते तर बरे होते. पुढे रोगाने आणि सोन्याच्या चोरट्या खाणींनी बागा खाल्ल्या, पाऊसही लहरी झाला. माल कमी, म्हणून २०२४ साली जगात टनाला दहा हजार डॉलरच्या वर भाव गेला. पण मंडळाने बराच माल आधीच कमी भावाने विकून ठेवला होता. शेतकऱ्याला ठरलेलाच भाव मिळाला. आणि पोती पुन्हा रात्री सीमेपार निघाली.