अल्सिंडर, ओलाजुवान, सनोगो : तीन काळ, तीन कोच आणि तुलनेचा घोळ

गेली काही वर्षं अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा आणि आपला रमजान मागेपुढे एकत्रच येतात. तिथे रात्रीचा सामना सुरू होतो तेव्हा इथे सहरी आणि फजर उरकलेली असते. झोप उडालेली पोरं मोबाईल घेऊन बसतात आणि मग घराघरांत तोच वाद. आत्ताचा हा पोरगा भारी की करीम अब्दुल-जब्बार? आत्ताचा कोच मोठा की जॉन वुडन? मोबाईलवर आकडे लगेच सापडतात, पण ते कुठल्या नियमांत जमले हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. आम्ही इथे तेवढंच समजावून सांगणार आहोत, आणि त्यासाठी तीन मुस्लिम सेंटर खेळाडू घेणार आहोत.

आधी एक गोष्ट. अमेरिकेत मूल अजून शाळेत असतानाच कॉलेजांचे कोच त्याला हेरतात, घरी येऊन आईवडिलांशी बोलतात, स्कॉलरशिप देऊ करतात. अशा हेरलेल्या मुलाला तिथे ‘रिक्रूट’ म्हणतात. आज या मुलांना हॉटेलांसारखे स्टार दिले जातात. पाच स्टारवाला म्हणजे अव्वल.

१९६५ साली असे स्टार नव्हते, पण न्यूयॉर्कच्या लू अल्सिंडरला त्यांची गरजही नव्हती. सात फुटांहून उंच असलेला हा मुलगा शाळेत असतानाच देशभर माहीत झाला होता. तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए कॉलेजात जॉन वुडनकडे गेला. पुढे १९६८ च्या उन्हाळ्यात त्याने कलमा पढला आणि १९७१ पासून जग त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणू लागलं.

आता नियम बघा. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलाला कॉलेजच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे. ही बंदी १९७२ मध्ये उठली. त्यामुळे अल्सिंडरचं पहिलं वर्ष नवख्यांच्या संघात गेलं. या नवख्यांनी आपल्याच कॉलेजच्या मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं. तो मुख्य संघ तेव्हा देशात पहिल्या क्रमांकाचा समजला जात होता, आणि एकट्या अल्सिंडरने ३१ गुण केले. अधिकृत विक्रमात मात्र त्या वर्षाचा एक गुणही नाही. मुख्य संघातल्या तीन वर्षांत त्याच्या संघाने ८८ सामने जिंकले, फक्त २ हरले आणि तिन्ही वर्षं विजेतेपद घेतलं.

त्याच्या पहिल्या मोसमानंतर, १९६७ मध्ये, चेंडू वरून थेट टोपलीत कोंबायला, म्हणजे डंक करायला, बंदी आली. ती त्याच्यासाठीच आणली असं तेव्हाही अनेकांचं मत होतं. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. म्हणजे कारकिर्दीतली उरलेली दोन वर्षं तो आपलं सगळ्यात सोपं हत्यार न वापरता खेळला. तीन गुणांची रेषाही तेव्हा नव्हती, ती सगळीकडे १९८६-८७ पासून आली.

२०२५ मध्ये ड्यूक कॉलेजचा कूपर फ्लॅग पहिल्याच वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोसम सुरू झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. हे कौतुकाचंच आहे. पण ‘अल्सिंडरला पहिल्या वर्षी हे जमलं नव्हतं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला शांतपणे सांगा की त्याला मैदानात उतरूच दिलं नव्हतं.

वुडनचं काय? १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत १० विजेतेपदं. हा आकडा आज कुणीच गाठणार नाही असं आम्हाला वाटतं, पण कारण ‘आताचे कोच कच्चे’ हे नाही. तेव्हा, १९७५ सोडता, स्पर्धेत सव्वीसहून कमी संघ असायचे. आपल्या विभागाचा विजेता थेट पुढच्या फेरीत जायचा आणि चार सामने जिंकले की झालं. संघ भौगोलिक गटांत विभागलेले असल्यामुळे यूसीएलएला बहुतेक वेळा पश्चिमेकडचेच संघ भेटायचे. १९८५ पासून संघ झाले ६४, आता ६८ आहेत. सहा सामने सलग जिंकावे लागतात, आणि एक हरलात की बॅग भरायची.

वुडनची थोरवी मोजायची तर आम्ही दुसरीकडे बघू. तो १९४८ मध्ये यूसीएलएत आला आणि पहिलं विजेतेपद मिळालं सोळाव्या मोसमात. आज कुठल्या कोचला सोळा वर्षं थांबू देतील? पहिल्या दिवशी तो मुलांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. अर्थात त्या सोनेरी काळावर डागही आहे. कॉलेजच्या एका श्रीमंत हितचिंतकाने खेळाडूंना नियमाबाहेरच्या सवलती दिल्याचं पुढे उघड झालं. आजच्या पोरांना पैशाचे लोभी म्हणताना हेही आठवावं.

दुसरा खेळाडू हकीम ओलाजुवान. नायजेरियातल्या लागोस शहरातल्या मुस्लिम घरातला मुलगा. लहानपणी फुटबॉल आणि हँडबॉल खेळलेला, बास्केटबॉल हातात घेतला तोच उशिरा. १९८० मध्ये तो ह्यूस्टन कॉलेजात पोहोचला तेव्हा विमानतळावर घ्यायलाही कुणी आलं नव्हतं. टॅक्सी करून ये, असं फोनवर सांगितलं गेलं. कुठल्या यादीत त्याचं नाव नव्हतं, मग स्टार कुठले? पहिलं वर्ष तो सामन्यांविनाच राहिला. त्यानंतरच्या तिन्ही वर्षांत त्याचा संघ शेवटच्या चारांत होता. १९८३ ची फायनल शेवटच्या क्षणी ५४-५२ अशी हरला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. धर्माचं काटेकोर आचरण त्याच्या आयुष्यात पुढे आलं, ह्यूस्टनमधल्या मशिदीशी नातं जुळल्यावर. नंतर व्यावसायिक लीगमध्ये तो रोजे ठेवून खेळायचा ही गोष्ट बहुतेकांना माहीत आहे.

त्याचा कोच गाय लुईस. तीस वर्षं ह्यूस्टनला, ५९२ विजय, पाच वेळा शेवटच्या चारांत आणि विजेतेपद शून्य. नुसते चषक मोजायचे तर हा माणूस नापास. पण दक्षिणेकडच्या अनेक कॉलेजांची दारं काळ्या मुलांना बंद होती तेव्हा, १९६४ मध्ये, त्याने एल्विन हेज आणि डॉन चेनीला आणलं. त्याच्याच कल्पनेतून २० जानेवारी १९६८ ला ॲस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ लोकांपुढे यूसीएलएशी सामना झाला. डोळ्याला इजा झालेला अल्सिंडर त्या रात्री चमकला नाही आणि ह्यूस्टन ७१-६९ ने जिंकलं. कॉलेज बास्केटबॉल टीव्हीवर मोठा होऊ शकतो हे तिथे कळलं. लुईसला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला मात्र २०१३ उजाडलं.

इथेच केंटकीच्या अॅडॉल्फ रपचाही हिशेब करायला हवा. चार विजेतेपदं, ८७६ विजय. पण त्याच्या संघात पहिला काळा खेळाडू आला १९६९ मध्ये. म्हणजे तो आणि त्याचे बरेच प्रतिस्पर्धी अर्धा देश बाहेर ठेवून जिंकत होते. १९६६ च्या फायनलमध्ये पाचही काळे खेळाडू उतरवणाऱ्या टेक्सास वेस्टर्नने त्याला ७२-६५ असं हरवलं.

तिसरा अदामा सनोगो, मालीचा. २०२३ मध्ये रमजान लागला आणि त्याच दिवसांत स्पर्धा शेवटाकडे आली. कनेटिकटचा हा सेंटर रोजे ठेवत खेळला. फायनलमध्ये त्याने १७ गुण केले, १० रिबाउंड घेतले, संघ ७६-५९ ने जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. कोच डॅन हर्ली याने त्या वर्षी आणि २०२४ मध्येही विजेतेपद घेतलं. दोन्ही वर्षांचे मिळून बाराही सामने दहापेक्षा जास्त गुणांच्या फरकाने. एवढी मोठी स्पर्धा आणि एवढा मोठा फरक, म्हणून आम्हाला ही दोन वर्षं वुडनच्या कुठल्याही दोन वर्षांइतकीच वजनदार वाटतात.

अल्सिंडर १९६९ मध्ये आणि ओलाजुवान १९८४ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेले. सनोगोला २०२३ मध्ये कुठल्याच संघाने निवडलं नाही. तो आळशी होता का? नाही. टोपलीजवळ पाठ लावून खेळणाऱ्या सेंटरची किंमतच खेळाने कमी केली होती. आता उंच माणसालाही लांबून तीन गुणांचा फटका यावा लागतो.

पैशाचं चित्रही बदललंय. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीतून कमावता येतं. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजंच खेळाडूंत रक्कम वाटू लागली, २०२५-२६ साठी मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. सगळ्या खेळांत मिळून, बरं का. परदेशी मुलांचं तसं नाही. विद्यार्थी व्हिसावर काम करून कमावण्याला बंधनं असतात, त्यामुळे शेजारच्या लॉकरवाल्याला मिळतं ते त्यांना मिळेलच असं नाही. आपल्यातल्या कुणा पालकाला ‘मुलाला अमेरिकेत खेळायला पाठवा, लाखो मिळतील’ असं कुणी सांगत असेल, तर व्हिसाचा प्रश्न पहिल्यांदा विचारा.

शिवाय आता मुलं दरवर्षी कॉलेज बदलू शकतात. २०२५ च्या विजेत्या फ्लोरिडाच्या मुख्य पाचांतले तीन गार्ड दुसऱ्या कॉलेजांतून आलेले होते. मोजे घालायला शिकवून चार वर्षं वाट बघणारा कोच या व्यवस्थेत बसत नाही. व्हर्जिनियाच्या टोनी बेनेटने २०२४ चा मोसम सुरू होण्याच्या तोंडावर काम सोडलं आणि या नव्या व्यवस्थेला आपण योग्य माणूस नाही असं मोकळेपणाने सांगितलं. त्याने २०१९ मध्ये विजेतेपद घेतलं होतं.

मुलींच्या बाजूचं एक उदाहरण सांगतो. बिल्किस अब्दुल-कादिर मेम्फिस कॉलेजकडून हिजाब घालून खेळली. कॉलेजच्या वरच्या श्रेणीत असं खेळणारी ती पहिली. पुढे परदेशात व्यावसायिक खेळायचं ठरवलं तर आंतरराष्ट्रीय संघटनेचा डोकं झाकण्याविरुद्धचा नियम आडवा आला. २०१७ मध्ये तो बदलला, तोवर तिची खेळायची वर्षं निघून गेली होती. आकड्यांच्या यादीत तिच्या व्यावसायिक कारकिर्दीपुढे काहीच दिसणार नाही.

शेवटचा हिशेब पीट मॅराविचचा, कारण वाद बहुधा त्याच्यावर येऊन थांबतो. १९७० पर्यंतच्या तीन मोसमांत, ८३ सामन्यांत, त्याने ३,६६७ गुण केले. २०२३ मध्ये डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस पाच मोसम आणि १४४ सामने खेळून ३,६६४ वर थांबला. तीन गुण कमी पडले. एकाला तीन गुणांची रेषा नव्हती, दुसऱ्याला कोविडमुळे जादा वर्ष मिळालं होतं. दोघांचेही कोच त्यांचे वडीलच होते.