आधी होडी, मग विमान

जूनमध्ये सिडनीत थंडी पडायला लागली की आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून एकच विषय निघतो: फिजीला कधी जायचं? चार तासांचं विमान, घड्याळात दोन तासांचा फरक आणि ऐन जुलैतही पंचवीस अंशांच्या आसपासचा समुद्र. त्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात, नातवंडांना शाळेची सुट्टी असते. तीन पिढ्यांनी मिळून चार दिवस एका जागी निवांत राहायला याहून सोयीचं ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या जवळपास सापडणं कठीण. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी अशा सहली आखायचं काम माझ्याकडे येतं आणि ते मला मनापासून आवडतं.

बहुतेक जण सुरुवात करतात ती विमानाच्या स्वस्त तिकिटापासून. तिकीट काढून झालं की रिसॉर्ट शोधायचं आणि तिथवर पोचायचं कसं, ते मग बघू म्हणायचं. बेटावरच्या सुट्टीला हा क्रम चालत नाही. आधी बेट ठरवावं, मग त्या बेटाची होडी बघावी आणि त्या होडीला जुळेल असं विमान सगळ्यात शेवटी घ्यावं. आखणी बेटाकडून घराकडे यायला हवी.

फिजी हा तीनशेहून अधिक बेटांचा देश. त्यातलं सगळ्यात मोठं विती लेवू. त्याच्या मधोमध डोंगर आहेत आणि वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या राजधानी सुवाला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर डोंगराच्या आडोशाला पश्चिमेकडे असलेलं नांदी पुष्कळ कोरडं राहतं. महाबळेश्वरात धो धो कोसळून वाईला जेमतेम भुरभुरणारा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय विमानतळ नांदीला आहे, आणि मामानुथा व यासावा हे रिसॉर्टांसाठी प्रसिद्ध असलेले दोन्ही द्वीपसमूह त्याच कोरड्या बाजूला, नांदीच्या पश्चिमेला आणि वायव्येला पसरले आहेत.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, उकाडा आणि चक्रीवादळं. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या पाचव्या श्रेणीच्या ‘विन्स्टन’ वादळात फिजीत ४४ माणसं गेली. डिसेंबर-जानेवारीत मुलांना मोठी सुट्टी असते आणि पावसाळ्यातल्या सवलतीही दिसतात, पण तो धोका समजून घेऊनच तेव्हा जावं. जुलैची सुट्टी हवामानाला उत्तम. मात्र त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या बाकीच्या राज्यांच्या आणि न्यूझीलंडच्या शाळाही बंद असतात. खोल्या लवकर भरतात, दर चढतात. मला स्वतःला सप्टेंबरअखेरची सुट्टी सगळ्यात पसंत आहे. हवा कोरडी असते, पाणी पुन्हा उबदार होऊ लागलेलं असतं आणि गर्दी ओसरलेली असते.

आता होडी. नांदी विमानतळापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर डेनाराऊचा धक्का आहे. बेटांकडे जाणाऱ्या बहुतेक होड्या इथूनच सुटतात. सकाळी इथलं काम बघत उभं राहावं. प्रत्येक बॅगेला तिच्या बेटाच्या नावाची चिठ्ठी लागते, बॅगा बेटांप्रमाणे वेगळ्या होतात आणि उतरण्याच्या क्रमाने होडीत रचल्या जातात. यासावाकडे जाणारी मोठी दोन सांगाड्यांची होडी सकाळी साडेआठच्या सुमारास निघते, एकेका बेटापाशी थांबत उत्तरेला जाते आणि संध्याकाळपर्यंत परत येते. सिडनीहून सकाळी निघणारं विमान नांदीला उतरतं तेव्हा ही होडी केव्हाच गेलेली असते. म्हणजे यासावाला जायचं तर पहिली रात्र नांदीत किंवा डेनाराऊला काढणं आलंच. परतीचंही तेच. होडी संध्याकाळी धक्क्याला लागणार, म्हणून त्याच दुपारचं विमान घेऊन चालत नाही.

मामानुथातली जवळची बेटं त्या मानाने सोपी. मालोलो लाइलाइ तासाभराच्या आत येतं आणि दिवसातून अनेक फेऱ्या असतात. पण तिथेही दुपारनंतरची शेवटची फेरी किती वाजता आहे, ते आधी पाहावं. विमान उतरण्याची वेळ आणि शेवटची होडी यांत तीन तास असावेत, हा माझा नियम. पासपोर्टची रांग, सामान, जैवसुरक्षा तपासणी आणि धक्क्यापर्यंतचा रस्ता यांत ते सहज जातात. समुद्रावर उतरणारं विमान किंवा हेलिकॉप्टर हा पर्याय आहे, पण ती फक्त उजेडात उडतात, माणशी साधारण पंधरा किलोच सामान घेतात आणि सहा जणांच्या कुटुंबाला त्यांचं भाडं जड जातं.

वेळापत्रकात न दिसणारी एक गोष्ट आई-बाबांसाठी फार महत्त्वाची आहे. पुष्कळ बेटांना धक्काच नाही. मोठी होडी खोल पाण्यात थांबते, रिसॉर्टची छोटी मोटारहोडी तिच्या कुशीला येऊन लागते. आधी बॅगा हातोहात खाली जातात, मग माणसं. दोन्ही होड्या लाटेवर वेगवेगळ्या तालात वरखाली होत असतात. खालचा माणूस कोपराला घट्ट धरतो आणि लाट सम झाली की ‘आता’ म्हणतो. त्या क्षणी पाय टाकायचा. पुढे किनाऱ्याशी छोटी होडी वाळूला लागली की गुडघाभर पाण्यात उतरून चालत जायचं. मुलांना यात मौज वाटते, तरुणांना काही वाटत नाही. पण गुडघ्याचं दुखणं असलेल्या सत्तरीच्या आईला हे झेपेल का, याचा विचार पैसे भरण्याआधीच व्हायला हवा. रिसॉर्टला एक सरळ प्रश्न विचारावा: ‘तुमच्याकडे धक्का आहे का, आणि ओहोटीला तो वापरता येतो का?’ उत्तर नेमकं मिळतं आणि त्यावरून बेट बदलण्याची वेळ आली तर खुशाल बदलावं.

ओहोटीचा प्रश्न खोलीपुढच्या समुद्रालाही लागू आहे. जाहिरातीतले फोटो नेहमी भरतीचे असतात. फिजीत भरती-ओहोटीतला फरक एक ते दीड मीटरच्या आसपास असतो. ऐकायला तो फार वाटत नाही. पण ज्या किनाऱ्यापुढे प्रवाळाचा उथळ, सपाट थर पसरला आहे, तिथे तेवढ्यानेच पाणी दूरवर मागे सरतं आणि पोहायला घोट्याएवढंच उरतं. प्रवाळावरून चालणंही बरं नाही. पाय कापतो आणि वर्षानुवर्षं वाढलेला जीव तुडवला जातो.

म्हणून मी बेटाचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र मोठं करून बघतो. किनाऱ्यालगत तपकिरी-करडा पट्टा दिसला की तो प्रवाळाचा थर समजावा. फिकट निळं म्हणजे वाळूवरचं उथळ पाणी आणि गडद निळं म्हणजे खोली. ज्या बाजूला गडद निळा किनाऱ्याच्या जवळ येतो, तिथे ओहोटीलाही पोहता येतं. एकाच बेटाच्या दोन बाजू या बाबतीत अगदी निराळ्या असू शकतात. मग तारखा. कोकणातल्या माणसाला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग माहीत असतो. चंद्र फिजीतही तोच आहे. उधाणात पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं, भांगात हा चढउतार कमी असतो. लहान मुलांना दिवसभर पाण्यात खेळायचं असेल, तर भांगाचे दिवस धरावेत. रोजच्या नेमक्या वेळांसाठी त्या भागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं. भरतीची वेळ दिवसागणिक साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

पैशांचा हिशोब करताना खोलीचं भाडं हा एकच आकडा बघू नये. छोट्या बेटावर दुसरं हॉटेल नसतं, दुकान असलं तर एखादंच. तिन्ही वेळचं जेवण रिसॉर्टमध्येच घ्यावं लागतं. म्हणून भाडं, माणशी रोजचं जेवण आणि दोन्ही वेळचा होडीप्रवास या तिन्हींची बेरीज करून मगच दोन रिसॉर्टांची तुलना करावी. ‘मुलं मोफत’ असं लिहिलेलं असतं तेव्हा राहणं मोफत की जेवणही, आणि कितव्या वर्षापर्यंत, हे लेखी विचारून घ्यावं. किंमत फिजी डॉलरमध्ये दिली आहे की ऑस्ट्रेलियन, हेही नीट बघावं, कारण फिजीचा डॉलर स्वस्त आहे.

शाकाहारी माणसांची चिंता करू नये, पण आधी कळवावं. फिजीत भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत; डाळ, भात, रोटी, भाजी तिथल्या स्वयंपाकघरांना नवी नाही. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं हा तर तिथल्या मूळ रहिवाशांचा नेहमीचा पदार्थ. फक्त ती मासे-मांसाशिवाय बनवा, असं सांगून ठेवावं.

कागदपत्रांत सगळ्यात जपायचा आहे तो आई-बाबांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा. भारतीय पासपोर्टवर फिजीचा पर्यटन परवाना विमानतळावरच मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आणि परतीचं तिकीट हवं. अडचण येते ती ऑस्ट्रेलियात परत शिरताना. पाहुण्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर फिजीला पाऊल टाकताच तो संपतो आणि सिडनीला परतता येत नाही. तो अनेक प्रवेशांचा आहे का, हे तिकीट काढण्याआधी मंजुरीच्या पत्रात वाचावं.

विम्याचंही तसंच. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठीच्या पुष्कळ प्रवासविम्यांत भारतातून आलेले पाहुणे बसत नाहीत, म्हणून त्यांच्या विम्यात फिजी धरलं आहे का, ते वेगळं तपासावं. रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहून द्यावं. लांबच्या बेटावर फार तर परिचारिका असते. प्रकृती गंभीर झाली तर रुग्णाला विमानाने ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला हलवावं लागतं आणि तो खर्च कुटुंबाला बुडवू शकतो. विमा तिकिटाच्याच दिवशी काढावा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही.

सामानात डासांचं मलम हवंच, कारण फिजीत डेंगी आहे. घरचा चिवडा-लाडू न्यायचा असेल तर दोन्ही देशांच्या फॉर्मवर तो नोंदवावा. फळं, भाज्या, मांस घरीच ठेवावं. परतताना लाकडी वस्तू, शिंपले, विणलेल्या टोपल्या न लपवता जाहीर कराव्यात. प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावर सापडला, तरी तो तिथेच राहू द्यावा.

आणि बेट म्हणजे नुसता किनारा नाही. फिजीतली बहुतांश जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामायिक मालकीची आहे. पुष्कळ रिसॉर्टं ती भाडेपट्ट्याने घेऊन उभी आहेत आणि तिथे जेवण वाढणारे, होडी हाकणारे लोक बरेचदा शेजारच्याच गावचे असतात. गावात जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, टोपी काढावी आणि प्रमुखाला देण्यासाठी यांगोनाची, म्हणजे ज्यांपासून तिथलं पारंपरिक पेय बनतं ती, मुळं न्यावीत. रविवार त्यांचा प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी बेत मोजकेच ठेवावेत.

होडीसाठी नांदीत रात्र काढावी लागते, तिला मी कधीच वाया गेलेली म्हणत नाही. उलट तिथे एक पूर्ण दिवस ठेवतो. १८७९ मध्ये ‘लिओनिदास’ जहाजातून कलकत्त्याहून पहिले गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर फिजीत आले आणि १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसं अशी नेली गेली. त्यांतली बहुसंख्य ज्या उसाच्या मळ्यांत राबली, ते मळे आणि साखर कारखाने प्रामुख्याने कलोनियल शुगर रिफायनिंग या सिडनीच्याच कंपनीचे होते. ही मजूरभरती बंद करावी, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला, पण लढा थांबला नाही आणि १९२० च्या आरंभी उरलेले सगळे करार रद्द झाले. नांदीच्या उत्तरेला अर्ध्या तासावर लौटोका आहे. तिथला साखर कारखाना १९०३ पासूनचा. आपली आई टॅक्सीवाल्याशी सहज हिंदीत बोलू शकते, त्यामागे हा इतिहास आहे. सिडनीत राहणाऱ्या मराठी माणसाने तो नातवंडांना तिथे, उसाच्या शेताशेजारी उभं राहून सांगायला हवा.

म्हणून फिजीचं स्वस्त तिकीट समोर आलं तरी लगेच पैसे भरू नका. आधी बेट निवडा, होडीच्या वेळा, धक्का आणि भरती-ओहोटी बघा, आई-बाबांचा व्हिसा वाचा, नांदी-लौटोकासाठी एक दिवस राखा. हे सगळं जुळलं की जे विमान बसेल ते घ्या, चार पैसे जास्त पडले तरी चालेल.