बूट निवडा प्रवास पाहून

हेल्मेट चोखंदळपणे निवडणारा दुचाकीस्वार पायांच्या बाबतीत मात्र अनेकदा चपलेवरच समाधान मानतो. वस्तुतः गाडी आडवी झाली की पाऊल तिच्याखाली सापडू शकते. म्हणून घोटा झाकणे ही पहिली अट. शहरातील रोजच्या वापरासाठी घोट्याच्या वर येणारे, चालताना न अडखळवणारे बूट पुरेत. दूरच्या प्रवासाला, विशेषतः पावसाळ्यात, जलरोधक अस्तर हवे. खडकाळ वाटांसाठी नडगी झाकणारे, कडक तळव्याचे उंच बूटच घ्यावेत. ‘ईएन १३६३४’ या युरोपीय मानकाच्या खुणेतील चार आकडे अनुक्रमे उंची, घर्षण, काप आणि आडवा दाब यांबाबतची पातळी दर्शवितात. १ पेक्षा २ सरस. खरेदीपूर्वी बूट घालून गाडीवर बसावे आणि पाऊल गिअरच्या दांडीखाली सहज जाते ना, हे अवश्य पाहावे.