सोळा तिकिटांतील पायविहिरी

शंभर रुपयांची फिकट जांभळी नोट दिवसातून अनेकदा आपल्या हातून जाते. तिच्या मागील बाजूस कोणती वास्तू छापली आहे, असे भिलाईनजीकच्या अहिवारा येथे ग्राहकांना विचारले, तर ‘एखादे मंदिर असावे’ असेच उत्तर बहुधा मिळते. वस्तुतः ती आहे एक विहीर! गुजरातमधील पाटण येथे अकराव्या शतकात राणी उदयमतीने पती भीमदेव सोळंकी यांच्या स्मरणार्थ बांधलेली ही ‘राणी की वाव’. सरस्वती नदीच्या गाळाखाली ती शतकानुशतके गाडली गेली होती. उत्खननानंतर ती पुन्हा प्रकाशात आली आणि २०१४ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

ही नोट २०१८ साली आली. त्याच्या काही महिने आधी, २९ डिसेंबर २०१७ रोजी, भारतीय टपाल खात्याने पायविहिरींवरील सोळा तिकिटांची मालिका प्रकाशित केली होती. राणी की वाव, अडालज, आभानेरीची चांद बावडी, दिल्लीची अग्रसेन की बावली ही त्यांतील ठळक नावे. योगायोग असा की, स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४९ रोजी काढलेल्या पुरातत्त्व मालिकेतही तिकिटे सोळाच होती. अजिंठा, घारापुरीची त्रिमूर्ती, विजापूरचा गोलघुमट, ताजमहाल या सर्वांना तीत स्थान मिळाले. परंतु पाणी मिळविण्यासाठी बांधलेली एकही वास्तू तीत नव्हती. मंदिर, मकबरा आणि किल्ला यांच्या पंक्तीला विहीर बसण्यास अडुसष्ट वर्षे लागली.

युरोपातील जलमनोरे पाणी उंचावर चढवून गावात खेळवितात. आपल्या पूर्वजांनी माणसालाच पाण्यापर्यंत खाली नेले. पावसाळ्यानंतर भूजल वर येते, वैशाखात खोल जाते. पातळी कोठेही असो, पायऱ्या उतरून घागर भरता यावी, ही त्यामागील साधी योजना. खोलवर बांधलेले मजले व खांब केवळ शोभेचे नसून बाजूच्या मातीचा दाब पेलणारेही असतात. तेथील गारव्यात वाटसरू विसावत.

महाराष्ट्रात हिलाच आपण बारव म्हणतो. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांची विहीर याचे उत्कृष्ट उदाहरण होय. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही अष्टकोनी विहीर एका वेळी बारा मोटा चालतील अशी बांधली आहे. बैल धावेवरून उतरत, मोट थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने मळ्याकडे जाई. विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे! आम्ही राहतो त्या छत्तीसगढात हे कार्य तलावांनी केले. येथील एका गावी ‘सहा कोरी आणि वर सहा’ म्हणजे १२६ तलाव असल्याची लोकस्मृती आहे. ही ‘कोरी’ म्हणजे आपली वीसाची कोडीच.

खेदाची बाब ही की, त्या सोळा तिकिटांत महाराष्ट्रातील एकही बारव नाही. तिकिटावर आल्याने विहिरीतील गाळ निघत नाही हे खरे. तथापि जिचे नावच कोणास ठाऊक नाही, तिच्या दुरुस्तीसाठी निधी कोण मागणार? अनेक गावांत बारवा आज कचराकुंड्या झाल्या आहेत.

तिकिटाचा विषय सुचविण्याचा अधिकार सर्वसामान्य नागरिकासही आहे, हे अनेकांस ठाऊक नसते. असे प्रस्ताव टपाल खात्याच्या फिलाटेली सल्लागार समितीपुढे विचारार्थ जातात. विषय राष्ट्रीय महत्त्वाचा असावा, अशी अपेक्षा असते. म्हणून प्रस्तावासोबत वास्तूचा काळ, शिलालेख, मोजमापे व स्पष्ट छायाचित्रे जोडणे इष्ट. निर्णयास विलंब लागतो, हे गृहीत धरावे. तोवर २०११ साली सुरू झालेल्या ‘माय स्टॅम्प’ योजनेतून आपल्या पसंतीचे छायाचित्र तिकिटासोबत छापून घेता येते. नवी तिकिटे घरपोच हवी असल्यास फिलाटेली ब्यूरोत ठेव खाते उघडण्याची सोय आहे. या खात्यावर व्याज मात्र मिळत नाही, तिकिटेच मिळतात!