सात किलोचं पांघरूण झोप आणतं का?

मागच्या नोव्हेंबरात धुळ्याला आमच्या आपाच्या घरी एक जड पार्सल आलं. दुबईत नोकरीला असलेल्या भाच्याने आपल्या अब्बांसाठी ते ऑनलाइन मागवलं होतं. दूल्हाभाईंनी यंत्रमागावर वीस-बावीस वर्षं रात्रपाळी केली. आता दिवसपाळी मिळाली, पण रात्रीची झोप काही परत आली नाही. मुलाने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं की जड पांघरुणाने झोप लागते, आणि पाठवून दिलं. उघडलं तर आत करड्या रंगाचं पांघरूण, वजन सात किलो. आपा हातात धरून म्हणाली, "अरे, ही तर पिंजाऱ्याची रजईच, फक्त महागाची!"

आपाचं बोलणं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं समजून घेण्यासाठी हा लेख. कारण हे पांघरूण पुढे आमच्या नात्यातल्या तीन जणांच्या अंगावर पडलं आणि तिघांचा अनुभव वेगवेगळा आला. अशी पांघरुणं आता आपल्याकडेही विकायला आहेत, किंमत काही हजारांत जाते, आणि झोप न येणारं माणूस तर जवळपास प्रत्येक घरात आहे. पैसे घालवण्याआधी चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

हे पांघरूण असतं तरी काय?

दोन कापडांच्या मध्ये छोटे छोटे चौकोन शिवलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात काचेचे बारीक मणी भरलेले असतात. रजईत वजन कापसाचं असतं आणि कापूस ऊबही धरतो. इथे वजन मण्यांचं असतं, त्यामुळे ऊब त्या मानाने कमी आणि भार जास्त. हा भार सगळ्या अंगावर सारखा पसरतो.

भाराने बरं का वाटतं? लहान बाळाला आपण दुपट्यात गुंडाळतो, पाठीवर थोपटतो, ते शांत होतं. दुःखात कुणी मिठी मारली की श्वास खाली बसतो. त्वचेवर सारखा, खोल दाब पडला की शरीराची धावपळीची, सावधपणाची यंत्रणा सैल पडते आणि विसाव्याची यंत्रणा पुढे येते, अशी यामागची मांडणी आहे. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आणि मानसिक आजारांच्या रुग्णांसाठी थेरपिस्ट अशी पांघरुणं बऱ्याच वर्षांपासून वापरत आले आहेत. बाजारात ती सर्वांसाठी आली ती अलीकडे.

संशोधन काय सांगतं?

सर्वात जास्त बोलबाला झाला तो स्वीडनमधल्या एका अभ्यासाचा. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. नैराश्य, बायपोलर, अतिचिंता किंवा एडीएचडी असलेल्या आणि शिवाय निद्रानाश असलेल्या १२० प्रौढांना दोन गटांत विभागलं. एका गटाला धातूच्या साखळ्या भरलेलं सुमारे ८ किलोचं पांघरूण दिलं (ज्यांना ते फार जड वाटलं त्यांना ६ किलोचं), दुसऱ्या गटाला दिसायला तसंच पण दीड किलोचं हलकं. चार आठवड्यांनी जड पांघरूणवाल्या गटातल्या जवळपास ६० टक्के लोकांचा निद्रानाशाचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला होता. हलक्या गटात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं.

आकडे मोठे आहेत, पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. हे सगळे मानसिक आजाराचे उपचार घेणारे रुग्ण होते, आपल्यातुपल्यासारखे नुसते झोप न येणारे नव्हते. आणि अंगावर आठ किलो आहे की दीड, हे झोपणाऱ्याला कळतंच. "मला खरं औषध मिळालंय" या भरवशाचाही परिणाम होतो.

दुसऱ्या बाजूचाही अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर अशी पांघरुणं वापरून पाहिली आणि २०१४ साली निष्कर्ष छापला. यंत्राने मोजल्यावर मुलांची झोप वाढलेली दिसली नाही. गंमत अशी की मुलांना आणि आईबापांना मात्र ते जड पांघरूणच जास्त आवडलं.

तिसरा अभ्यास २०२२ चा, स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा, अवघ्या २६ तरुणांवरचा. झोपण्याआधी तासभर जड पांघरूण घेतल्यावर त्यांच्या लाळेत मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक हलक्या पांघरुणापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त वाढलं. पण ते जास्त वेळ झोपले असं काही दिसलं नाही.

सगळ्याचा सार एवढाच, की जड पांघरुणाने मन शांत व्हायला मदत होऊ शकते, विशेषतः ज्यांची झोप चिंतेमुळे उडते त्यांना. पण हे निद्रानाशाचं औषध नाही.

दूल्हाभाईंना ते का काढून ठेवावं लागलं

दूल्हाभाईंचं वजन ८४ किलो. साधारण नियम असा सांगितला जातो की पांघरूण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं असावं. त्या हिशेबाने सात किलो त्यांना चालायला हवं होतं. पण चौथ्या रात्री आपाने फोन केला. म्हणाली, "हे घोरतात ते माहीतच आहे, पण मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो. मग दचकून उठतात. आज पांघरूण मीच ओढून काढलं."

आम्ही म्हटलं, पांघरूण राहू दे, आधी डॉक्टरकडे जा. झोपेची तपासणी झाली तेव्हा स्लीप ॲप्निया निघाला. या आजारात झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू माणसाला जागं करतो, आणि हे रात्रीतून कितीतरी वेळा होतं. माणसाला वाटतं आपल्याला झोप लागत नाही. खरं तर श्वास त्याला झोपू देत नाही. अशा माणसाच्या छातीवर वजन ठेवणं धोक्याचं. आता ते श्वासाचं मशीन लावून झोपतात आणि दिवसा डुलक्या येणं कमी झालंय.

म्हणून मोठ्याने घोरणारं, झोपेत गुदमरणारं, दिवसभर पेंगणारं माणूस घरात असेल तर पांघरूण मागवू नका, तपासणी करून घ्या. दमा, श्वासाचा किंवा हृदयाचा आजार, रक्ताभिसरणाचा त्रास, मधुमेहाने पाय बधिर झालेले, हाता-पायात ताकद नसलेले, अर्धांगवायू झालेले, या सर्वांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड पांघरूण घेऊ नये. साधी कसोटी ही, की झोपेतून उठून ते स्वतःच्या हाताने झटकन बाजूला करता आलं पाहिजे.

मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. २००८ साली कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात शाळेत जड पांघरुणात गुंडाळलेल्या ९ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा जीव गेला. २०२२ साली अमेरिकेत लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या एका पांघरुणाच्या खोळीत अडकून ४ आणि ६ वर्षांच्या दोन मुली दगावल्या आणि कंपनीला सुमारे दोन लाख नग परत मागवावे लागले. बाळांना तर वजन घातलेलं काहीही पांघरू नये, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. "मूल लवकर झोपतं" म्हणून हा प्रयोग घरी करू नका.

अम्मीची रजई

ते पांघरूण मग आपाने पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने जळगावला आमच्याकडे पाठवलं, अम्मीसाठी. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीची झोप उडाली होती. पण अम्मीचं वजन ४६ किलो. सात किलो म्हणजे तिच्यासाठी सातवा हिस्सा. पहिल्याच रात्री ती म्हणाली, "बेटा, कूस बदलायची तर ताकद लागते. कबरीत असल्यासारखं वाटतं." आम्ही ते लगेच काढलं.

मग आपाचं वाक्य आठवलं. पेटीत जुनी रजई होती, कापूस बसून चपटी झालेली. आपला खानदेश कापसाचा मुलूख, आणि पिंजारी, मन्सुरी, नदाफ ही आपलीच माणसं. धनुकलीची तात वाजवत गल्लीत येणारे आता क्वचित दिसतात, काम मशीनवर गेलंय. मोहल्ल्यातल्या पिंजारी चाचांनी एकच विचारलं, "किती किलो भरू?" हाच प्रश्न ऑनलाइन दुकानही विचारतं! आम्ही चार किलो सांगितलं. जुना कापूस पिंजून, थोडा नवा घालून रजई तयार झाली.

अम्मीला ती आवडली. पण फक्त रजईने झोप आली असं आम्ही म्हणणार नाही. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी ती रात्री घेत होती, म्हणून तीन-तीनदा उठावं लागायचं. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. (गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नका, विचारूनच बदला.) दुपारची दोन तासांची झोप आम्ही कैलुल्याइतकी, वीस-पंचवीस मिनिटांची केली. आणि नात तिच्या खोलीत झोपायला लागली. एका रात्री दोघींनी अब्बांच्या आठवणी काढल्या, दोघी रडल्या. त्या रात्री अम्मी फजरच्या अजानपर्यंत झोपली. तिला अंगावर वजन हवं होतं की शेजारी माणूस, हे आम्हाला आजही ठरवता येत नाही.

घ्यायचंच असेल तर

आधी घरातल्याच वस्तूने पाहा. एक गोधडी अंगावर आणि दुसरी घडी करून कमरेपासून पायांवर, असं आठवडाभर झोपा. छातीवर भार नको, तोंडावर तर मुळीच नको. याने बरं वाटलं नाही तर सात हजारांच्या मण्यांनी वाटेल अशी आशा कमीच.

विकत घेताना वजनाचा हिशेब माणसागणिक करा. ५० किलोच्या माणसाला ५ किलो, ६० किलोला ६. दोघांसाठी मिळून एक घेऊ नका, प्रत्येकाचा भार वेगळा. शिवण बारीक चौकोनांची आहे का पाहा, नाहीतर मणी एका कोपऱ्यात गोळा होतात. वरची खोळ काढून धुता येईल असंच घ्या, कारण ओलं पांघरूण घरच्या मशीनला झेपत नाही. परत करण्याची मुदत आधी वाचा. घरी तांदूळ किंवा वाळू भरून शिवण्याचा खटाटोप नको, उंदीर आणि ओल दोन्ही घरात येतील.

आणि आपलं हवामान विसरू नका. झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं. स्वीडनची रात्र वेगळी आणि जळगाव-भुसावळची मे महिन्यातली रात्र वेगळी, जिथे दिवसा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि भिंती पहाटेपर्यंत तापलेल्या राहतात. तेव्हा गच्ची, कूलर, ओला पडदा आणि सुती चादर हेच खरे उपाय. जड पांघरुणाचा उपयोग आपल्याकडे फार तर डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा धुळ्याचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो.

जे फुकट आहे ते आधी

ते सात किलोचं पांघरूण शेवटी आमच्याच वाट्याला आलं. आमचं वजन ७० च्या घरात, घोरणं नाही. थंडीत बरं वाटतं, हात-पायांची चुळबुळ थांबते. पण ज्या रात्री इशानंतर चहा झाला किंवा उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर मोबाईल हातात घेतला, त्या रात्री सात किलोनेही डोळा लागला नाही.

निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून डॉक्टर आज गोळी नाही, तर सवयी आणि विचार बदलण्याची एक ठरावीक पद्धत सुचवतात. तिला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेच्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये हीच शिफारस केली. तिच्यातल्या काही गोष्टी घरी पाळता येतात. रोज उठण्याची वेळ एकच ठेवा. फजरला उठणाऱ्यांना ती आयती मिळते, फक्त नंतर पुन्हा तीन तास झोपायचं नाही. बिछान्यावर फक्त झोपायचं, हिशेब आणि मोबाईल बाहेर. अर्धा तास झोप आली नाही तर उठून बसा, मंद उजेडात काही वाचा, जिक्र करा, पेंग आली की परत या. रमजानमध्ये तरावीह आणि सहरीने झोपेचे तुकडे होतात, म्हणून ईदनंतर उठण्याची वेळ लगेच ठरवून टाका.

मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणू नका. अल्प्राझोलाम यांसारखी औषधं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानेच मनाई आहे. त्यांची सवय लागते आणि म्हातारी माणसं रात्री उठताना पडतात.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप येत नाही आणि असं तीन महिने चाललंय, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जा. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मन फार जड झालं असेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, कुठल्याही वेळी लागतो. दुआ जरूर करा, दम करून घ्या, पण दवाही घ्या. "लोक काय म्हणतील" या धास्तीने कुणी रात्र-रात्र छताकडे पाहत पडू नये.

मुलगा परदेशातून पांघरूण पाठवतो तेव्हा त्यात त्याचा जीव असतो, त्याचा मान ठेवावा. पण घरातल्या माणसाला एकदा विचारावं, "रात्री जागं राहून काय विचार करता?" आमच्या घरी या प्रश्नाने जितकं काम केलं, तितकं त्या सात किलोंनी केलं नाही.

अल्लाह सर्वांना शांत झोप देवो. आमीन.